पेन ड्राइव्ह स्वच्छ केला, तरी इशारा पुन्हा का येतो?

प्रश्न : पेन ड्राइव्ह संगणकाला जोडला की अँटीव्हायरस मालवेअर सापडल्याचा इशारा देतो आणि फाइल काढून टाकल्याचेही सांगतो, परंतु पुढच्या वेळी तोच इशारा पुन्हा येतो. फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले आहेत. ड्राइव्ह फॉरमॅट करूनही फरक पडला नाही. तो टाकून द्यावा का?

उत्तर : टाकून देण्याची घाई करू नये. फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर तीच फाइल पुन्हा उगवत असेल, तर ती बाहेरून येत आहे, आणि पहिला संशय आपल्याच संगणकावर घ्यायला हवा. या प्रकारच्या मालवेअरची एक लहानशी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल, संगणक सुरू होताच आपोआप चालू होते, नवा ड्राइव्ह जोडला जाण्याची वाट पाहते आणि त्यावर स्वतःची प्रत टाकते. म्हणजे आपण ड्राइव्ह पुसत आहात आणि संगणक तो पुन्हा भरत आहे.

पूर्वी असे मालवेअर 'ऑटोरन'च्या, म्हणजे ड्राइव्ह जोडताच त्यावरील प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याच्या, सोयीने पसरे. २००८ साली आढळलेल्या कॉन्फिकर या मालवेअरने तिचा भरपूर फायदा घेतला. विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हसाठी ही सोय बंद करण्यात आली आणि २०११ मध्ये त्याआधीच्या विंडोज एक्सपी व व्हिस्टासाठीही तसे अपडेट आले. शॉर्टकटच्या युक्तीला मात्र ऑटोरनची गरजच नसते. मूळ फोल्डर लपवून त्याच नावाचा शॉर्टकट ठेवला जातो. तो आपण उघडला की फोल्डरही उघडतो आणि मागे स्क्रिप्टही चालते, त्यामुळे काही बिघडल्याची शंकाही येत नाही.

म्हणून आधी ड्राइव्ह काढून ठेवावा. अँटीव्हायरस अद्ययावत करून संपूर्ण संगणकाची तपासणी करावी आणि त्यानंतर विंडोजमध्येच असलेल्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटीव्हायरसची ऑफलाइन तपासणी करावी. ही तपासणी विंडोज सुरू होण्यापूर्वी चालत असल्याने मालवेअरला स्वतःचा बचाव करण्याची संधी मिळत नाही. टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप' यादीही, म्हणजे संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी, नजरेखालून घालावी. ड्राइव्ह जोडायचा तो यानंतर, आणि त्यावरील एकही शॉर्टकट उघडायचा नाही. मूळ फोल्डर बहुधा शाबूत असतात. परंतु त्यांना 'सिस्टिम'चा दर्जा देऊन लपवलेले असल्यामुळे केवळ लपलेल्या फाइल दाखवण्याचा पर्याय पुरत नाही, संरक्षित सिस्टिम फाइल लपवण्याच्या पर्यायावरील खूणही काढावी लागते. फक्त आपले दस्तऐवज व छायाचित्रे बाजूला काढून मग फॉरमॅट करावे. साधे 'क्विक फॉरमॅट' त्यासाठी पुरेसे असते.

इशाऱ्यात फाइलचा पूर्ण मार्ग दिलेला असतो, तो वाचण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. तो झिप फाइलच्या आतला असेल, तर अँटीव्हायरसला ती आतली फाइल वेगळी काढता आलेली नसण्याची शक्यता आहे. अशा वेळी ती झिप फाइलच पुसून टाकावी.

स्वच्छ केलेला ड्राइव्ह इतरांच्या संगणकावर नेहमी लावावा लागत असेल, तर लेखनबंदीची कळ असलेला ड्राइव्ह घेणे सोयीचे ठरते. कळ लावलेली असेपर्यंत त्यावर कोणालाच काही लिहिता येत नाही. मात्र दूषित ड्राइव्हवर ती कळ राहून गेली, तर अँटीव्हायरसलाही फाइल पुसता येत नाही आणि तोच इशारा दर वेळी येत राहतो.