उंची कमी होती, मग डेंग यापिंग जिंकली कशी?

प्रश्न : चीनची टेबल टेनिसपटू डेंग यापिंग जेमतेम 150 सेंटिमीटर उंच होती म्हणतात, तरी एवढी वर्षं ती नंबर वन राहिली कशी? आणि 24व्या वर्षीच खेळणं का सोडलं तिने?

उत्तर : उंची कमी म्हणून हेनान प्रांताच्या टीमने तिला लहानपणी घेतलंच नव्हतं हो! 1973 चा जन्म, गाव झेंगझोऊ, वडील स्वतःच कोच, त्यामुळे पाचव्या वर्षीच बॅट हातात आली, आणि प्रांताने नाही म्हटल्यावर पोरगी शहराच्या टीमकडून खेळत राहिली. सगळे तिच्या जिद्दीबद्दल लिहितात, जिद्द होतीच, पण मला सगळ्यात भारी वाटते ती तिच्या खेळाची बांधणी. हात आखूड, म्हणजे मागे उभं राहिलं तर कोपऱ्यातला बॉल हाताला लागणार नाही, म्हणून ती टेबलाला चिकटूनच उभी राहायची आणि टप्पा पडून बॉल वर येतोय तेवढ्यातच मारायची, समोरचीला सावरायला वेळच नाही. त्यात बॅकहँडला लाँग पिंपल्सचं रबर. त्याचे लांब मऊ काटे बॉल पकडत नाहीत, नुसते वाकतात, त्यामुळे तुम्ही टॉपस्पिन (पुढे फिरणारा) मारलेला बॉल तुमच्याकडे येतो तो बॅकस्पिन (उलटी फिरकी) घेऊन, आणि नेहमीसारखी बॅट लावली की गेला नेटमध्ये. दुसऱ्या बाजूला साधं रबर, त्यावरून फोरहँडचा सणसणीत फटका. म्हणजे कुठल्या बाजूने काय येईल याचा हिशोब लावेपर्यंत पॉइंट गेलेला.

1989 ला डॉर्टमुंडमध्ये चियाओ होंगबरोबर डबल्सची वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हा ती 16 वर्षांची होती. मग बार्सिलोना आणि अटलांटा, दोन्ही ऑलिंपिकमध्ये सिंगल्स आणि डबल्स, मिळून 4 गोल्ड. अटलांटाची सिंगल्स फायनल मिळाली तर नक्की बघा. समोर चायनीज तैपेईची (म्हणजे तैवानची) चेन जिंग, 1988 च्या ऑलिंपिकला चीनकडून गोल्ड जिंकलेली. तेव्हा गेम 21 पॉइंटचा असायचा, पहिले 2 गेम डेंगने घेतले, पुढचे 2 चेनने, आता पारडं फिरलं असं वाटत असताना पाचवा गेम डेंगने 21-5 असा मारला!

हरलीच नाही असं मात्र नाही. 1993 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सिंगापूरच्या जिंग जुनहाँगने तिला लवकर बाहेर काढलं होतं, 1995 ला तिने सिंगल्सचं टायटल परत आणलं आणि 1997 ला मँचेस्टरमध्ये पुन्हा जिंकली.

त्याच वर्षी थांबली. जिंकायचं म्हणून काही उरलंच नव्हतं, आणि शिकायचं सगळंच राहिलं होतं. छिंगहुआ युनिव्हर्सिटीत गेली तेव्हा इंग्रजीची एबीसीडी लिहितानाही कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांची सरमिसळ व्हायची. तिथून नॉटिंगहॅमला एमए केलं आणि 2008 मध्ये केंब्रिजची पीएचडी घेतली.