इंजिन बंद कर

पोरा,

परवाचा तुझा फोन डोक्यातून जात नाही. ताडोबात गाईड म्हणून तुझ्या सकाळ-दुपार दोन्ही सफारी झाल्या, वाघ नाही, आणि त्या पाहुण्या बाई गेटवर सगळ्यांदेखत "पैसे पाण्यात गेले" म्हणाल्या. काका, माझं काय चुकलं, असं विचारलंस. वाघ दिसला नाही यात तुझं काही चुकलं नाही. पण तेलिया तळ्यापासून मोहर्ली गेटपर्यंत गाडी एकदाही थांबवली नाहीस, हे तूच सांगितलंस. तिथं चुकलं.

ड्रायव्हरला सांग, इंजिन बंद कर. घरघरीत चितळाचा कॉल, वाघ जवळ असल्याचा इशारा, ऐकू येत नाही, वाघ कुठून कळणार?

बाकीच्या गाड्या पुढे जातात म्हणतोस. जाऊ दे की! वाघ दिसला की पाहुणा खूश होतो, टीप देतो आणि पुढच्या वर्षी कान्ह्याला जातो. खूश होणं वेगळं, जीव लागणं वेगळं. नागपूरचे एक गुरुजी माझ्याकडे अकरा वेळा आले. पहिल्या खेपेला शेपूटसुद्धा दिसलं नव्हतं. तळ्याकाठी इंजिन बंद करून बसलो आणि मी तारूची गोष्ट सांगितली: गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना गेला, गोंडांचा देव झाला, त्याच्यावरून ताडोबा. राष्ट्रीय उद्यान 1955 सालचं, तारू त्याच्या कितीतरी आधीचा. गुरुजी पौषातल्या जत्रेची चौकशी करत बाहेर पडले. वाघाचं नावही काढलं नाही.

आता माझं ऐक. मे महिना होता, वाघीण पाणवठ्याकडे येत होती, मागे दोन बच्चे. पाहुणा मोठा माणूस. मी गाडी आडवी लावायला सांगितली. तिनं बघितलं, वळली आणि पाणी न पिताच बांबूत शिरली. पाहुण्यानं दोन हजार हातात ठेवले. मी घेतले. पोरीची फी भरायची होती, म्हणून घेतले. आजही ते चूक म्हणणार नाही. गाडी आडवी घातली ते मात्र चूक. तो पाहुणा पुन्हा कधी आला नाही.

त्यानंतर लोक मला सुस्त गाईड म्हणायला लागले. म्हणोत. टीप कमी मिळाली, बायकोची बोलणी खाल्ली, पण इंजिन बंद म्हणजे बंद.

1 जुलैला कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद होईल. त्याआधी एक दिवस तिकीट काढून तुझ्याच जिप्सीत मागे बसतो. आणि इंजिन चालू ठेवलंस तर बघ, आत खाली उतरायची मनाई आहे म्हणून, नाहीतर तिथंच उतरून चालायला लागेन.

तुझा काका