रतनगड ते हरिश्चंद्रगड: सॅक, पाणी आणि वाट

पाऊस सरला की रेंज ट्रेकबद्दलची, म्हणजे डोंगररांगेवरून मुक्काम करत केलेल्या अनेक दिवसांच्या चालीबद्दलची, पत्रं येऊ लागतात. यंदाची बरीचशी पत्रं रतनगड ते हरिश्चंद्रगड या चालीविषयी आहेत. त्यामुळे उत्तरंही त्याच वाटेला धरून देत आहोत.

प्रश्न: आम्ही सहा जण आहोत. आजवर एकदिवसीय किल्लेच केले. रतनगड, कात्राबाई खिंड, हरिश्चंद्रगड हे दोन मुक्कामांत बसेल का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर: ओढूनताणून बसतं, पण तिसरा मुक्काम धराच. रेंज ट्रेकमध्ये मुक्काम अंतरावरून ठरवायचा नसतो, पाण्यावरून ठरवायचा असतो. या वाटेवर भरवशाचं पाणी रतनवाडी, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर मिळतं. मुक्काम यांपैकीच करा.

पहिल्या दिवशी मोठ्या सॅक रतनवाडीतच एखाद्या घरी ठेवा आणि पाणी-खाऊची छोटी पिशवी घेऊन रतनगड करून या. शिड्यांवर बारा किलोची सॅक माणसाला मागे खेचते. शिवाय गडावर चढवलेलं ओझं दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच शिड्यांवरून उतरवावं लागतं. गणेश दरवाजा, राणीचा हुडा (बुरूज), नेढं (कातळाला पडलेलं आरपार भोक), त्र्यंबक दरवाजा असा गड निवांत बघून अंधाराआधी गावात परतता येतं. दुसरा दिवस सर्वांत लांबीचा: कात्राबाई खिंड चढून पलीकडे कुमशेतला उतरायचं. सॅकसह सात-आठ तास धरा आणि सातच्या आत निघा. तिसऱ्या दिवशी पेठेच्या वाडीवरून पाचनई आणि तिथून गडाचा माथा. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारी चारपर्यंत पोचलात तर त्या दिवसाचं चीज होईल. चौथ्या सकाळी पाचनईला उतरा.

हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करतानाच माथ्यावर मुक्कामाला परवानगी आहे का, हे विचारून घ्या. नसेल तर पाचनईत राहायचं आणि पहाटे चढायचं.

प्रश्न: माझी सॅक 16 किलोची होते. दोन तासांत खांदे भरून येतात. नेमकं काय काढू? (वाचक, नाशिक)

उत्तर: आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा ही साधारण मर्यादा. 60 किलोच्या माणसाने 12 किलोवर थांबावं. हिशेब असा बसतो: रिकामी सॅक 1.8 किलो, स्लीपिंग बॅग 1.2, मॅट 0.4, दोघांच्या तंबूतला आपला वाटा 1.3, शिधा 1.5, स्टोव्ह-भांड्यांचा वाटा 0.5, कपडे 1.5, टॉर्च-औषधं-किरकोळ 0.8. झाले नऊ किलो. त्यावर तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो. तुमचे वरचे चार किलो बहुतेक कपड्यांत आणि जादाच्या खाण्यात असतील. चालायचा एक जोड, झोपायचा एक जोड, मोज्यांच्या तीन जोड्या आणि एक जाड जॅकेट एवढ्यावर भागतं. जीन्स, टॉवेल, काचेच्या बाटल्या आणि प्रत्येकाकडचं वेगळं लोणचं घरी राहू दे.

खांदे भरून येतात त्याचं कारण मात्र नुसतं वजन नाही. पट्टे चुकीच्या क्रमाने आवळले जातात. सगळे पट्टे सैल करून सॅक पाठीवर घ्या. आधी कमरेचा पट्टा बांधा. तो पोटावर नको, कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांवर बसला पाहिजे. मग खांद्याचे पट्टे ओढा, पण खांद्यावर भार येईल इतके नाही. त्यानंतर खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणारे छोटे पट्टे आवळा, म्हणजे सॅक मागे लोंबत नाही. छातीचा पट्टा शेवटी. बरोबर बसली असेल तर खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातात आणि बहुतेक वजन कमरेवर येतं.

भरताना तळाला स्लीपिंग बॅग, मधे पाठीला चिकटून शिधा आणि पाणी, बाहेरच्या अंगाला कपडे. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की शरीर आपोआप पुढे वाकतं आणि चढावर मान अवघडते. बाहेर लटकवलेले मग आणि चपला कारवीच्या झाडोऱ्यात अडकतात, तेही टाळा.

प्रश्न: गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यातलं पाणी क्लोरीनचे थेंब टाकूनही आमच्यातल्या दोघांना जुलाब झाले. कुठे चुकलं असेल? (वाचक, सांगली)

उत्तर: तीन ठिकाणी चुकतं. पहिलं म्हणजे गढूळ पाणी. माती आणि शेवाळ क्लोरीन खाऊन टाकतात, जंतूंसाठी काही उरतच नाही. सुती कापडाच्या चार घड्यांतून पाणी गाळा, थोडा वेळ निवळू द्या, मग थेंब टाका. थेंबांचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं तेच, कारण प्रत्येक कंपनीच्या द्रावणाची तीव्रता वेगळी असते.

दुसरं, वेळ. थेंब टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. पाणी फार थंड असेल तर तासभर. बाटली भरली की झाकण थोडं सैल करून उलटी धरा, म्हणजे आट्यांवरचं कच्चं पाणीही क्लोरीनच्या पाण्याने धुतलं जातं. ही साधी गोष्ट फार जण विसरतात. तिसरं, लिंबू किंवा सरबताची पावडर लगेच टाकणं. त्यातलं क जीवनसत्त्व क्लोरीन निकामी करतं. सरबत करायचंच असेल तर अर्धा तास उलटून गेल्यावर करा.

क्लोरीनला दाद न देणारे काही जंतूही असतात. त्यामुळे गाळून, खळखळ उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळलेलं पाणी सर्वांत खात्रीचं. रात्रीच्या स्वयंपाकानंतर दुसऱ्या दिवसाचं पाणी उकळून ठेवा. आणि टाक्यात उतरू नका, त्यात भांडी घासू नका. तुमच्यामागून येणाऱ्यांनाही तेच पाणी प्यायचं असतं.

दिवसाला माणशी चार लिटर लागतं. कुमशेतच्या दिवशी निघतानाच तीन लिटर भरा, कारण जानेवारीनंतर वाटेतले ओढे आटलेले असू शकतात. घाम खूप येत असेल तर नुसतं पाणी पीत राहू नका, रक्तातलं मीठ कमी होऊन डोकं दुखतं, मळमळतं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये विरघळवायचं. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट केलं तर जुलाब वाढतात.

प्रश्न: गडांवर आग्या मोहोळाचे हल्ले झाल्याच्या बातम्या वाचून घरचे घाबरलेत. खबरदारी काय घ्यावी? (वाचक, चिंचवड)

उत्तर: त्यांची काळजी रास्त आहे. आग्या मोहोळ कड्याच्या पोटात, नेढ्यासारख्या जागी किंवा उंच झाडावर लागतं. उग्र वास, धूर, आरडाओरडा, ड्रोन आणि मारलेला दगड यांनी ते उठतं. अत्तर आणि सुगंधी तेल लावून निघू नका. मोहोळ दिसलं तर त्याखाली चूल किंवा सिगारेट पेटवायची नाही. बोलणं बंद करून पुढे सरकायचं.

माश्या उठल्याच तर हात हलवू नका, एकही माशी मारू नका. डंखातून सुटणारा वास इतर माश्यांना त्याच जागी बोलावतो. वाट मोकळी असेल तर तोंड झाकून झपाझप लांब जा. शंभर पावलं पुरत नाहीत, माश्या बराच पाठलाग करतात. कड्याची किंवा शिडीची जागा असेल तर धावणं डंखांपेक्षा धोक्याचं. तिथेच बसून डोकं, चेहरा, मान जॅकेटने किंवा स्लीपिंग बॅगने पूर्ण झाका आणि माश्या शांत होईपर्यंत हलू नका. म्हणूनच जॅकेट सॅकच्या तळाला नको, वरच्या कप्प्यात हवं.

सुरक्षित जागी आल्यावर काटे लगेच काढा, नखाने खरवडून किंवा मिळेल तसे. पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा, कारण काटा आत राहील तितकं विष जात राहतं. ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी उठणं, श्वास लागणं, चक्कर येणं यांपैकी काहीही दिसलं तर ॲलर्जीच्या गोळीवर विसंबू नका. त्याला ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. माणसाला आडवं करा, पाय उंच ठेवा (श्वास लागला असेल तर टेकून बसवा) आणि 108 ला फोन करा. अनेक डंख झालेल्याला बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्याच. विषाचा परिणाम मूत्रपिंडांवर उशिराही दिसतो.

प्रश्न: कात्राबाईच्या जंगलात वाट चुकते म्हणतात. मोबाइलवरचा नकाशा पुरेल का? (वाचक, ठाणे)

उत्तर: नकाशा आणि ट्रॅक आधी उतरवून ठेवा, फोन फ्लाइट मोडवर ठेवा, पॉवर बँक घ्या. तरीही पहिल्यांदा जाताना रतनवाडीतला वाटाड्या घ्या. दाट झाडीत आणि कड्याला लागून जीपीएस काही मीटर सरकतो, आणि तेवढ्यात माणूस ढोरवाटेला लागतो.

ढोरवाट ओळखता येते. ती कमरेच्या उंचीच्या फांद्यांखालून जाते, तिला सारखे फाटे फुटतात आणि गवताच्या मोकळ्या जागी विरते. माणसांच्या वाटेवरचे दगड झिजून गुळगुळीत झालेले असतात, मधे खुणेसाठी रचलेल्या दगडांच्या लगोऱ्या किंवा रंगाचे बाण दिसतात. दहा मिनिटांत अशी एकही खूण दिसली नाही तर थांबा आणि शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या. ‘ओढा धरून उतरलं की गाव लागतं’ हा हिशेब सह्याद्रीत जीवावर बेततो. इथला कातळ थरांचा आहे: कडा, मग पदर (मधला सपाट टप्पा), पुन्हा कडा. प्रत्येक ओढा कुठे ना कुठे सरळ कड्यावरून खाली पडतो, आणि तिथून वर येणं उतरण्यापेक्षा कठीण असतं.

प्रश्न: गॅसचे किती कॅन घ्यावेत? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: सहा जणांना दोन वेळची खिचडी आणि सकाळ-संध्याकाळचा चहा धरला तर 225 ग्रॅमचे दोन कॅन, माथ्यावर वारा असतो म्हणून एक जादा. माणशी 100 ग्रॅम तांदूळ आणि 40 ग्रॅम मूगडाळ अर्धा तास भिजवून ठेवली की गॅस कमी लागतो. तूरडाळ नेऊ नका, ती शिजेपर्यंत कॅन संपतो. ज्वालाग्राही सामान रेल्वेत नेता येत नाही. लोकलने कसाऱ्यापर्यंत येणार असाल तर कॅन गाडीने येणाऱ्या मित्राकडे द्या, किंवा स्टोव्हच वगळा. रतनवाडी, कुमशेत, पाचनईत आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर भाकरी-पिठलं मिळतं. तंबूच्या आत स्टोव्ह कधीच पेटवू नका. आगीचा धोका आहेच, त्याशिवाय कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.