वेवोस रांचेरोस घरी करताना साल्सा कच्चट का लागतो आणि टोर्टिया लिबलिबीत का होतो?

वेवोस रांचेरोस ही मेक्सिकन न्याहारी आहे: मक्याच्या पातळ पोळीवर (टोर्टिया) तळलेले अंडे आणि सोबत टोमॅटो-मिरचीची चटणी (साल्सा). साल्सा कच्चट लागण्याचे कारण बहुधा एकच असते, ते म्हणजे टोमॅटो न भाजता वाटणे आणि वाटण तेलात न परतणे. दोन जणांसाठी ४ पिकलेले टोमॅटो, २ सेरानो मिरच्या (आपल्याकडच्या हिरव्या मिरच्याही उत्तम चालतात), पाव कांदा आणि लसणीची एक पाकळी तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजावी, जाडसर वाटावी आणि ते वाटण चमचाभर कडकडीत तेलात ओतून, मीठ घालून, रंग गडद होईपर्यंत ८ ते १० मिनिटे आटवावे. या पदार्थाचा जीव या आटवण्यातच आहे, म्हणून येथे घाई करू नये.

टोर्टिया मक्याचाच हवा. मेक्सिकोत त्यासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात, त्यामुळे पीठ चिकट होते. साध्या मक्याच्या पिठाला तो चिकटपणा येत नाही. टोर्टिया गरम तेलात दोन्ही बाजूंनी काही सेकंद तळल्यास तो साल्सा लगेच शोषून घेत नाही. त्यावर पिवळा बलक पातळ राहील असे तळलेले अंडे ठेवावे, गरम साल्सा कडेने ओतावा आणि सोबत परतून ठेचलेला राजमा वाढावा.