छोट्या रिव्हॉल्व्हरचा जड ट्रिगर हलका करून घ्यावा का?

माझं मत विचाराल तर नको, निदान आत्ताच नको. तुम्ही लिहिलंय की रिव्हॉल्व्हर छोटी, पाच गोळ्यांची, स्वसंरक्षणासाठी घेतलेली, ट्रिगर इतका जड की नेम हलतो, आणि कुणीतरी हलकी स्प्रिंग टाकायला सांगितलंय. हा उद्योग मी करून बसलोय म्हणून सांगतो.

डबल ॲक्शनमध्ये एकाच ओढीत हॅमर (काडतुसावर आपटणारा घोडा) मागे जातो, सिलिंडर (गोळ्या भरायचं गोल चाक) फिरतो आणि हॅमर सुटतो, हे सगळं तुमचं बोटच करतं. त्यात छोट्या फ्रेममध्ये हॅमरही छोटा, त्याला फिरायला जागाही कमी, मग प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, दणक्याने पेटणाऱ्या टोपीवर) नीट दणका बसायला स्प्रिंग कडकच लागणार ना. म्हणून १२ पाउंडांच्या आसपास ओढ असते, म्हणजे साडेपाच किलो, आणि हलक्या मॉडेलचं स्वतःचं वजन अर्धा किलोसुद्धा नसतं! हलणार नाही तर काय होईल.

मी हॅमरची हलकी स्प्रिंग टाकली तेव्हा पहिल्या दिवशी लोण्यासारखा ट्रिगर, मी खूश. पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीची काडतुसं घेतली तर पाचपैकी दोन नुसती खट्ट. (असं झालं की नळी टार्गेटकडेच धरून ३० सेकंद थांबायचं, गोळी उशिरा सुटू शकते.) बाहेर काढून बघितलं तर प्रायमरवर नखाने दाबल्यासारखा पुसटसा खळगा. रेंजवर ठीक आहे हो, पण जीवावर बेतलेलं असताना? ट्रिगर परत पुढे आणणारी स्प्रिंग हलकी केली तर तो आळशासारखा परततो, घाईत बोट पूर्ण सुटत नाही आणि पुढची ओढ अर्धवट राहते. शिवाय अशा बऱ्याच रिव्हॉल्व्हरना हाताने लावायची वेगळी सेफ्टी नसते, चुकून ट्रिगर ओढला जाऊ नये म्हणून त्याचा जडपणाच काय तो आधार.

आधी ग्रिप (मूठ) बदलून बघा, छोट्या ग्रिपवर करंगळी लोंबकळत राहते. आणि ड्राय फायर करा, म्हणजे गोळी न झाडता नुसता ट्रिगर ओढायचा सराव, रिव्हॉल्व्हर रिकामी आहे हे दोनदा तपासून, खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, डमी काडतुसं घालून. पुढच्या साइटवर (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या उंचवट्यावर) नाणं ठेवायचं आणि ते न पाडता ट्रिगर ओढायचा, सुरुवातीला दर वेळी पडतं, चिडचिड होते. रोज दहा मिनिटं केलं तर महिन्याभरात फरक कळेल.

त्यानंतरही करायचंच असेल तर चांगल्या गनस्मिथकडूनच (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून), घरी कानस घेऊन बसू नका, आणि नेहमीच्या काडतुसांवर भरपूर तपासून मगच भरवसा ठेवा. जुनी स्प्रिंग मात्र जपून ठेवा, मला माझी परत घालावी लागली.