सोडलेले नको, चढलेले मोज

तुझं पत्र मंगळवारी आलं. त्यातला एक प्रसंग काही केल्या डोक्यातून जात नाही. नदीत बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडायचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, मंडप उतरला आणि काठावर बसलेल्या म्हाताऱ्या भोयानं तुला विचारलं, "बाई, पोरं सोडलीत ते बरं केलंत. पण ही वर जाणार कुठनं?" तुझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्रभर झोप लागली नाही आणि आता बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरावासा वाटतोय, असं तू लिहितेस.

अर्ज भरायचा तर भर, त्यात मी पडणार नाही. पण त्या म्हाताऱ्याला उत्तर दिल्याशिवाय जाऊ नकोस. मत्स्यखात्यातल्या माझ्या सबंध नोकरीत एवढा नेमका प्रश्न मला एकाही वरिष्ठानं विचारला नाही. मीही कुणाला विचारला नाही, हे त्याहून वाईट.

नदीचं, माशांचं आणि त्यांच्यावर पोट असलेल्या माणसांचं मोल तुला पटवून द्यायची गरज नाही. ते पटलं नसतं तर तुझी झोप उडालीच नसती. मला सांगायची आहे ती एकच गोष्ट, आणि तू कंटाळलीस तरी ती मी पुन्हा पुन्हा सांगणार. सोडलेले मासे मोजू नकोस. चढलेले मोज.

आपल्या कागदांत रकाना असतो तो सोडलेल्यांचा. जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, इतके लाख, त्यांहून मोठी अर्धबोटुकली इतकी, बोटुकली इतकी. वर्षानुवर्षं मी तो रकाना भरला. त्या आकड्याइतका सोयीचा आकडा दुसरा नाही, कारण तो सोडल्याच्या दिवशीच पुरा होतो. दुसऱ्या दिवशी निम्मी पिल्लं मेली, आठवड्यानं बारीक आसाच्या जाळ्यात गेली, तरी आकड्याला धक्का लागत नाही. त्या आकड्यांवर मला शाबासकी मिळाली, बढती मिळाली. नदी मात्र जिथल्या तिथे होती.

मी मत्स्यबीज, म्हणजे ही पिल्लं, सोडण्याच्या विरोधात आहे असं समजू नकोस, आणि कुणाला सांगूही नकोस. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये आली, नद्यांत बीज सोडायला तिच्यात जागा मिळाली, हे चांगलंच झालं. ज्या नदीत पैदाशीचा मासाच उरला नाही तिथे बीज आणावंच लागतं. पण चढणीच्या माशाला, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर जाणाऱ्याला, बीजाच्या आधी वाट लागते. वाट आहे की नाही, हे तो चढला की कळतं, न चढला तरी कळतं. म्हणून मोज.

हिलसाचंच घे. आपल्याकडे त्याला पाला म्हणतात, गोदावरीच्या मुखाकडे पुलसा. समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. गंगेतून तो अलाहाबादच्याही वर जायचा, यमुनेत दिल्ली-आग्र्यापर्यंत मिळायचा. १९७५ मध्ये पश्चिम बंगालात गंगेवर फरक्क्याचा बराज, म्हणजे दरवाजांचा मोठा बंधारा, सुरू झाला. सव्वादोन किलोमीटर लांब, शंभरावर दरवाजे. कोलकाता बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून गंगेचं पाणी ३८ किलोमीटरच्या कालव्यातून भागीरथी-हुगळीकडे वळवायचं, एवढाच हेतू होता. माशाशी कुणाचं वैर नव्हतं. उलट माशांसाठी म्हणून वेगळे लॉक, म्हणजे खालून वर जायला दारांच्या कोठ्यासुद्धा ठेवल्या होत्या. हिलसानं ते लॉक वापरले नाहीत, आणि बघता बघता वरच्या गंगेतून तो जवळजवळ संपला.

का वापरले नाहीत, यावर विचार कर. माशांसाठी शिड्या बांधायचं शास्त्र वाढलं ते मुख्यतः सॅमनच्या देशांत. सॅमन उडी मारतो. हिलसा शॅड नावाच्या माशांच्या कुळातला आहे आणि शॅड सहसा उडी मारत नाही. सॅमनसाठी बांधलेल्या शिड्या शॅडला नीट चढता येत नाहीत, हा अमेरिकेतल्या नद्यांवरचा जुना अनुभव आहे. म्हणजे 'मत्स्यमार्ग केला' असा शेरा मारूनही काम होत नाही. तिथेही तोच प्रश्न उरतो, चढले किती?

आता बराकपूरची केंद्रीय अंतर्देशीय मात्स्यिकी संशोधन संस्था 'नमामि गंगे'मधून फरक्क्याच्या वरच्या अंगाला हिलसे नेऊन सोडते. पाण्याबाहेर काढला की हा मासा बघता बघता जातो, हात लागला तरी खवले निघतात. तो जिवंत वर पोचवणाऱ्यांना मी मनापासून हात जोडतो. पण त्या सगळ्या कामात माझा जीव अडकलाय तो टॅगमध्ये. सोडलेल्या काही माशांना खूण लावतात आणि तो पुढे कुठे सापडला ते कोळ्यांकडून समजून घेतात. टॅग म्हणजे सोडलेल्याला मागाहून विचारणं की बाबा, पोचलास का? २०१९ मध्ये फरक्क्याचं नौकानयनाचं लॉक नव्यानं करताना रात्री काही तास दार थोडं उघडं ठेवून हिलसाला वाट द्यायचंही ठरलं. माशाला टाकीत घालून वर नेणं आणि दार उघडणं यांत मी नेहमी दाराच्या बाजूनं उभा राहीन.

बाहेरचं एक उदाहरण देतो, कारण आपल्याकडे असली गोष्ट कुणी कबूल करत नाही. अमेरिकेत कनेक्टिकट नदीवर १९६७ पासून सॅमन परत आणायचा कार्यक्रम चालला. पिल्लं सोडली ती कोट्यवधी. सगळ्यांत चांगल्या वर्षी, १९८१ मध्ये, समुद्रातून परत आले ५२९ मासे. २०१२ मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं त्यातून अंग काढून घेतलं. तू म्हणशील, फसलेलं उदाहरण कशाला? मला तर ते लोक मोठे वाटतात. ते परत आलेले मोजत होते म्हणून त्यांना थांबता आलं. आपल्याला कधी थांबायचं हेच कळत नाही, कारण आपला आकडा दरवर्षी वाढलेलाच असतो. आणि त्याच देशात क्लॅमथ नदीवरची चार धरणं काढायचं काम २०२४ मध्ये पुरं झालं, तर त्याच ऑक्टोबरात सॅमन त्या धरणांच्या जागा ओलांडून ओरेगॉनमध्ये पोचला. १९१२ नंतर पहिल्यांदा! शंभर वर्षांत त्यांच्यातला एकही मासा ती वाट चढला नव्हता. वाट उघडली आणि ते गेले.

आपल्याकडे धरणं पाडायची नाहीत, ते ठाऊक आहे मला. त्या पाण्यावर शेतं आणि गावं जगतात. मला वेडा म्हणणाऱ्यांना मी हेच सांगत आलो की धरण पाडा असं मी कधी म्हटलं नाही, मी बरगे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवायला बसवलेल्या फळ्या, काढा म्हणतो.

आता बरग्यांचं ऐक. नोकरीच्या सुरुवातीला कोल्हापूर पद्धतीच्या एका बंधाऱ्याची फाईल माझ्या टेबलावर आली होती. मासेमारीच्या दृष्टीनं अभिप्राय हवा होता. मी 'हरकत नाही' लिहून सही केली. पंधरा मिनिटंसुद्धा दिली नसतील. कागदावर सगळं ठीकच होतं. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, पूर ओसरला की ऑक्टोबरात बसवायचे, मधे नदी मोकळी. बंधारा झाल्यावर दुसऱ्या वर्षी जूनमध्ये पहिल्या पुराच्या वेळी मी तिथे गेलो. बरगे जागच्या जागी होते. मजुरी मंजूर झाली नव्हती, शिवाय काढलेले बरगे चोरीला जातात म्हणून कुणी घाईही केली नव्हती. खाली चढणीचे मासे भिंतीला धडकत होते. पोटं अंड्यांनी फुगलेली. धडकायचे, मागे पडायचे, पुन्हा यायचे. लोक टोपल्यांनी भरत होते. मी काठावर छत्री घेऊन उभा.

'पहिल्या पुराआधी बरगे काढल्याची खात्री करावी, खालच्या फरशीला दगडांचा उतार द्यावा', एवढ्या दोन ओळी मला लिहिता आल्या असत्या. लिहिल्या असत्या तरी कुणी ऐकलं नसतं, अशी मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. माझ्याकडे तीन तालुके होते, गाडी एक होती, तीही निम्मा वेळ दुसऱ्याकडे. हे सगळं खरं आहे. आजही मला वाटतं की माझ्या जागी दुसरा असता तर त्यानंही सहीच केली असती. पण ते मासे माझ्या सहीखाली मेले, त्याला या खरेपणाचा काय उपयोग?

त्यानंतर अकरा वर्षं दर मे महिन्यात मी त्या बंधाऱ्याच्या शाखा अभियंत्याच्या दारात जाऊन बसलो. अभियंते बदलले, मी गेलो. तुमच्या खात्याचा काय संबंध, असं विचारलं गेलं, मी गेलो. वरून लेखी समज मिळाली, तरी गेलो. सात वर्षं बरगे वेळेत निघाले, चार वर्षं नाही. हे मला कसं माहीत? बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पहिल्या पुरात किती चढले, ते मी दोन भोयांना बरोबर घेऊन वहीत लिहीत होतो. बरगे निघाले त्या वर्षी मासा वर दिसला, अडकले त्या वर्षी नाही. एवढा साधा हिशेब. तो दाखवला की साहेब गप्प व्हायचे. दुसऱ्या कशानंच झाले नाहीत.

चढणीचे मासे धरणाऱ्यांवर गुन्हे नोंदवावेत, असं तू लिहिलंयस. इथे मला तुझा राग आला. वलगणीचा, म्हणजे पहिल्या पुरात चढणारा मासा ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या धरत आली, तरी नदीत मासा होता. भिंतीमुळे तो एका जागी साठतो आणि सगळाच्या सगळा टोपलीत जातो. आधी भिंतीकडे बघ. आणि मासे पकडणं थांबवायचंच असेल तर त्या दिवसांत त्यांच्या चुलीचं काय, ते आधी ठरव. बांगलादेशात कोजागरीच्या आगेमागे आता २२ दिवस हिलसा धरायला बंदी असते आणि कोळ्यांच्या घरी सरकार तांदूळ देतं. तिथलं हिलसाचं उत्पादन २००२-०३ मध्ये दोन लाख टनांच्या आत होतं, २०१७-१८ मध्ये पाच लाखांवर गेलं. सगळं बंदीनंच झालं असं मी म्हणत नाही, पिल्लं जपली, अंडी घालायच्या जागा राखल्या, तेही त्यात आलं. पण नुसत्या काठीनं ते झालेलं नाही.

तुझ्या हातात काय आहे, असं तू हताश होऊन विचारतेस. पुष्कळ आहे गं! पुढच्या खेपेला बोटुकली सोडताना काहींच्या पोटाजवळच्या एका पराचं टोक कातरून सोड. कात्री लागते, मंजुरी लागत नाही. मग जाळ्यात आलेला मासा सोडलेला की नदीतला, हे सांगता येईल. त्या म्हाताऱ्याला विचार की पूर्वी कुठल्या नक्षत्रात कुठला मासा कुठवर चढायचा. अहिर या सापासारख्या लांब माशाबद्दलही विचार. तो उलट्या वाटेचा, जन्म समुद्रात आणि वाढ नदीत, त्यामुळे बंधारा त्याला जाता-येता दोन्हीकडून अडवतो. सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घे. तुमच्या नदीवर किती बंधारे आहेत ते चालत जाऊन बघ, नकाशावर नको. आणि अहवालात सोडलेल्यांच्या रकान्याशेजारी स्वतःच्या हातानं एक रेघ मारून दुसरा रकाना कर. त्यात पहिल्या वर्षी शून्य आला तर शून्य लिही. शून्य लिहायला मला वीस वर्षं लागली, तुला तेवढी लागू नयेत म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

वरिष्ठ रागावतील. रागावू देत. तुझी वही खरी असेल तर राग टिकत नाही, आणि टिकला तरी वही राहते.

मे उजाडायला पाच आठवडे आहेत. सगळ्यांत खालच्या बंधाऱ्याचा शाखा अभियंता कोण ते उद्याच शोध, बरगे काढायची तारीख त्याच्याकडून लेखी घे आणि मला कळव. पहिला पूर आला की रात्री-अपरात्री कधीही फोन कर. गुडघ्यांमुळे मला आता नदीत उतरवत नाही, पण पुलावर खुर्ची टाकून मोजता येतं. त्या म्हाताऱ्यालाही बोलावून ठेव.