पार्किन्सन्स झाल्यावर वडील जुगार खेळू लागले, मनावरचा ताबाच सुटलाय का?

आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारे वडील आता रात्र रात्र मोबाइलवर जुगार खेळतात, नको त्या वस्तू मागवतात, हटकलं तर अंगावर येतात, आणि घरचे म्हणतात 'या वयात चळ लागला', असं तुम्ही लिहिलंय. चळ वगैरे नंतर बघू. आधी त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी काढा. त्यात प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल आहे का?

या गोळ्या मेंदूत डोपामाइन नावाच्या रसायनाचं काम करतात. हातपाय मोकळे होतात खरे, पण हवंहवंसं वाटायला लावणारी यंत्रणाही डोपामाइनवरच चालते. मग जुगार, खरेदी, खाणं, कामवासना, कशाचाही अतिरेक होऊ शकतो. अमेरिका-कॅनडातल्या तीन हजारांवर रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. या वर्गातली औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांना असा त्रास होता, न घेणाऱ्यांत ७ टक्क्यांच्या आसपास.

माझ्या काकांनाही पार्किन्सन्स होता, पण त्यांचं जुगाराशी काही नव्हतं. ते मध्यरात्री उठून जुना रेडिओ खोलायचे. स्क्रू लहान-मोठे ओळीने मांडायचे, मोडायचे, पुन्हा मांडायचे. थांबवलं की चिडायचे. काकू कौतुकाने सांगायची, बघा, या दुखण्यातही यांचा उत्साह! न्यूरॉलॉजिस्टनी ऐकलं आणि पहिला प्रश्न गोळीचाच विचारला. डोस हळूहळू उतरवला, लेव्होडोपा ही पार्किन्सन्सचीच दुसरी गोळी त्या मानाने वाढवली, तेव्हा ते प्रकरण मिटलं.

तुम्ही मात्र मनाने गोळी बंद करू नका. एकदम तोडली तर अंग आखडतं, घाम, घबराट, उदासीही येते. डॉक्टरांना आधी फोनवर सगळं सांगून ठेवा. मुलांसमोर बाप हे कबूल करेलच असं नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. सगळी कार्डं काढून घ्यावीशी वाटतील, पण ज्याला शर्टाचं बटणही धड लावता येत नाही त्याच्याकडून एवढंही काढून घेतलं तर तो माणूस आणखी खचतो. मोठी रक्कम दोघांच्या सहीशिवाय निघणार नाही अशी सोय करा, रोजच्या खर्चाचं छोटं खातं त्यांच्याकडेच राहू द्या. आणि हे त्यांना विचारून करा, तेही गोळीचा अंमल चांगला असताना, म्हणजे त्यांना नीट भांडता तरी येईल.